कोरस हळूच येतो

आमचे हे कारखान्यात विमानाच्या इंजिनांची चाचणी घ्यायचे. इंजिन सुरू झालं की बाकीचे कानात कापसाचे बोळे घालत. हे नेमके तेव्हाच काढून ठेवत. "कापूस घातला तर इंजिनाचं दुखणं कळणार कसं?" म्हणे. आवाज जरा बदलला की सगळ्यांच्या आधी यांना कळायचं. साहेबांनी शाबासकी दिली की स्वारी खूश! मी सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी. चाळिशीतच डावा कान गेला, मग उजवाही जायला लागला.

पन्नासच्या दशकात कारखान्यानं यांना जर्मनीला धाडलं होतं. तिथे यांनी एक सिंफनी ऐकली. बराच वेळ बहुतेक वाद्यंच, आणि अगदी शेवटी शेकडो माणसं गायला लागतात. मेलेल्यांनी पुन्हा उठावं, असं काहीसं ते गाणं. "कोरस इतका हळू येतो, की कधी आला ते कळतच नाही," हे सांगायचे. "पुरे तुमचं ते चर्चमधलं रडगाणं," मी म्हणायचे. तरी जयनगरात घर झाल्यावर यांनी रेडिओग्राम घेतला तो त्याच्यासाठीच. रेकॉर्ड मात्र कुठे मिळेना.

शेवटी एक सहकारी तिकडून घेऊन आले. ध्वनिमुद्रण नुकतंच झालेलं, दोन कोऱ्या करकरीत तबकड्या. आता आणून काय उपयोग, असं माझ्या मनात आलं. हे मात्र म्हणाले, "एकदा कोरस ऐकू दे, बास."

रविवारी दुपारी मी कुंपणापाशी जाऊन शेजारच्या कानडी बाईंना माझ्या मोडक्या कानडीत सांगितलं, आज स्वल्प गोंगाट होईल. "सरी, सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे चालेल. आवाज पूर्ण मोठा केला. हे स्पीकरला उजवा कान लावून बसले. मोठे आवाज यांना कळत होते, मान हलत होती. शेवटची बाजू लावली. बऱ्याच वेळानं सगळी वाद्यं थांबली आणि कोरस आला. खरंच इतका हळू! माझ्या अंगावर काटा आला.

यांचा चेहरा अजून वाटच पाहत होता.

"आला का गं?"

मला भडभडून आलं. रागही आला, त्या इंजिनांचा, त्या मेल्या शाबासकीचा. मी स्टूल ओढून यांच्या कानाशी बसले आणि ओरडून म्हणाले, "आला! केव्हाच आला."

"कसा?"

मला त्यातलं काय कळतंय? सुचेल तसं सांगत गेले. "सगळे अगदी बेतानं गाताहेत. घरात कुणी आजारी निजलंय, त्याला जाग येऊ नये तसे. आता त्यांच्यातून एक बाई वर निघाली. बाकीचे खालीच आहेत. आता नुसती वाद्यं."

हे डोळे मिटून प्रत्येक वाक्याला हुंकार देत होते. माझा घसा कोरडा पडला, तरी मी थांबले नाही.

मग एकदम सगळेच गर्जले. खिडक्यांची तावदानं थरथरली. यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. ऐकू आलं गं बाई यांना! आता मध्ये आपण कशाला, म्हणून मी गप्प झाले.

यांनी डोळे न उघडताच माझा हात चाचपला.

"थांबलीस का?" म्हणाले.