अर्धी गोळी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, बेंगळुरात, माझ्या बायकोला थायरॉइडचा त्रास निघाला. गळ्यातली ग्रंथी मंदावली होती. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सांगितली आणि दोन महिन्यांनी रक्त तपासून परत यायला सांगितलं.

तपासणी झाली. रिपोर्ट मी एकटाच घेऊन आलो. चिकपेटमधल्या आमच्या साड्यांच्या दुकानात लग्नसराईची गर्दी होती. डॉक्टरांकडे तासभर बसायला मला वेळ नव्हता. गल्ल्यावरच मी पाकीट उघडलं. टीएसएचचा आकडा मर्यादेच्या तिप्पट होता. माल जास्त झाला की खरेदी थांबवायची, एवढंच मला ठाऊक.

घरी येऊन म्हणालो, "तुझं थायरॉइड जास्त झालंय. उद्यापासून अर्धी गोळी घे."

"डॉक्टरांना विचारू या ना, अहो."

"विचारायचं काय त्यात? मला आकडे वाचता येत नाहीत?"

गोळ्या मी स्वतः ब्लेडने कापल्या. महिन्याभराच्या अर्धुकांची बाटली भरून ठेवली. मला त्या कामाचं कौतुकही वाटलं होतं.

मग ती सुजत गेली. आवाज घोगरा झाला. भर एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसायची, पंखा लावला की उठून बंद करायची. केसांचा पुंजका न्हाणीघराच्या जाळीत अडकायचा. मी म्हणायचो, "राणीसरकार, चहा मिळेल का आज? की तोही दुकानातून मागवू?" ती हसायची. हसायलाही तिला वेळ लागायचा, हे मला दिसत होतं. मी त्याला आळस म्हटलं.

एकदा विळीवर भोपळा चिरता चिरता तिला डुलकी लागली. बोट बरंच कापलं. तेव्हा मी डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर कन्नड, पण मराठी बोलायचे. त्यांनी जुना रिपोर्ट पाहिला, गोळ्यांची बाटली पाहिली. "नोडी, बघा," ते म्हणाले, "डोक्यात, मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती गळ्यातल्या ग्रंथीला सांगते, काम कर. गळ्यातली करत नसली तर वरची आणखी जोरात ओरडते. हा आकडा त्या ओरडण्याचा. आकडा वाढला म्हणजे गोळी कमी पडते. वाढवायची होती. अर्धी कुणी केली?"

मी तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

"मीच केली," ती म्हणाली. "स्वल्प बरं वाटलं म्हणून."

"एनम्मा, शिकलेल्या आहात ना? अशानं हृदयावर येतं. नवऱ्याला किती काळजीत टाकलंत बघा." ते बराच वेळ बोलले. ती "सरी, सरी" म्हणत मान हलवत होती. बोटाचं बँडेज तिने पदराखाली घेतलं होतं.

ऑटोत मी विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

ती बाहेर बघत होती. "लगेच नाही सांगितलं. थोडी थांबले होते मी. वाटलं, तुम्ही बोलाल."

चौकात ऑटो थांबली तेव्हा तिनेच विचारलं, "दुकानात जायचंय ना तुम्हाला? मी जाईन घरी."

आणि मी उतरलो.