गळक्या नळांचा अर्ज

ती सकाळ अजून जशीच्या तशी आठवते. आठवली की आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते, नेहमी याच क्रमाने. नोकरीत मी खून पाहिले, फरारी आरोपीच्या मागे उसाच्या फडात धावलो, एकदा तर पंचनामा करताना मधमाश्यांनी पंचांसकट पळवून लावलं. पण चार माणसं जमली आणि कुणी म्हणालं, "साहेब, एखादी केस सांगा," की मी हीच सांगतो. यात हत्यार म्हणाल तर एक पाना आहे. मुद्देमाल कुठे सापडला ते शेवटी सांगेन, आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

शतक संपत आलं होतं. मी नवा फौजदार. विश्रांतवाडीच्या बाजूला एका चौकीचा प्रमुख होतो, चौकीचं नाव सांगत नाही. पुण्यात तेव्हा रोज एक नवी सोसायटी उभी राहायची आणि प्रत्येक सोसायटीतला एक तरी मुलगा संगणकाच्या क्लासला जायचा. आमच्या चौकीलाही एक संगणक आला होता. आमच्या हवालदारांनी त्याला हळद-कुंकू लावलं, हार घातला, वर फुलाफुलांची चादर घातली आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावू दिला नाही. हवालदार जुन्नरकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. अक्षर मोत्यासारखं आणि शिस्त लोखंडी. चौकीत आलेला प्रत्येक कागद आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदवहीत, ते स्वतः चढवत. बारनिशीत नाही तो कागद जगात नाही, असा त्यांचा हिशेब. माझाही तोच झाला होता.

तर त्या सकाळी फोन वाजला. आळंदी रस्त्यावरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. म्हणाले, "आपल्या हद्दीत काही मुली घरोघरी शिरून लोकांचे नळ तपासतायत. हे आपल्या आदेशाने चाललंय, की आपल्याला पत्ता नसताना?"

मला पत्ता नव्हता. तसं सांगणं जिवावर आलं म्हणून "चौकशी करतो" म्हणालो. पोलीस खात्यात या दोन शब्दांवर माणूस आयुष्य काढू शकतो.

तासाभरात सेक्रेटरी स्वतःच हजर झाले. सोबत साधारण चाळिशीच्या एक बाई, डोळे रडून लाल. आणि एक मुलगी, बावीस-तेवीसची, खांद्याला कापडी पिशवी, गळ्यात ओळखपत्र. बाईंच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. सासूबाईंनी लग्नात स्वतःच्या हातातून काढून त्यांच्या हातात घातलेल्या. सासूबाई काही महिन्यांपूर्वीच वारल्या होत्या. बाई कणीक मळत होत्या, पाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या, बेल वाजली, ही मुलगी आली, नळ पाहून गेली. ती गेल्यावर पाटल्या नाहीत. घरात तिसरं कुणी नाही. केस इतकी सरळ होती की मला मनातल्या मनात बरं वाटलं.

मी मुलीला विचारलं, कुणाच्या परवानगीने फिरता?

"परवानगी लागत नाही, साहेब. माहिती द्यायची असते. ती आम्ही याच चौकीत दिलीय. पंधरा दिवस झाले."

पर्यावरणाचं काम करणारी एक संस्था होती. खडकवासल्याहून येणारं पाणी घरातल्या गळक्या नळांतून किती वाया जातं, हे तिचे स्वयंसेवक दारोदार जाऊन पाहत. मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी बारनिशी उघडली, महिन्याभराच्या नोंदींवरून बोट फिरवलं, आणि नकारार्थी मान हलवली. मग मी सगळ्यांसमोर, खुर्चीत मागे रेलून, अगदी नाटकातल्या इन्स्पेक्टरसारखं म्हणालो, "असा कोणताही अर्ज या चौकीत आलेला नाही."

मुलीचा चेहरा उतरला नाही. उलट तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू नळ नव्हे, मीच गळतोय.

सेक्रेटरींनी तिचं आडनाव विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पहिल्यांदा स्वच्छ ऐकू गेलं होतं, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. तिने दुसऱ्यांदाही तितक्याच स्वच्छ आवाजात सांगितलं. मी सेक्रेटरींना अडवायला हवं होतं. अडवलं नाही, कारण त्याच क्षणी मला दुसरंच काहीतरी आठवलं. हे नाव मी सकाळीच वाचलं होतं. टेबलावरच्या गठ्ठ्यात तिच्या पासपोर्टच्या चौकशीचे कागद पडले होते. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार, मुलगी एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागलेली, कंपनी तिला कामासाठी परदेशी पाठवणार. आमच्या अहवालाची वाट होती. त्या काळात अशी संधी दारात दोनदा उभी राहत नसे. आता फिर्याद लिहून ठाण्यात गेली, गुन्हा दाखल झाला, की मला अहवालात तसं लिहावं लागणार. मग विमान जाईल आणि ही इथेच राहील.

तिला हे माझ्याआधी समजलं होतं. गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा फोटो तिचाच होता आणि ती त्याच्याकडेच पाहत होती.

महिला शिपाई बोलावून रीतसर झडती घेतली. पिशवीतून निघालं ते असं: एक पाना, मापाचा पेला, मूठभर काळे रबरी वायसर, आणि माहितीचे तक्ते. पाटल्या नाहीत. सेक्रेटरी म्हणाले, "पाना बाळगते. सभ्य घरातली मुलगी पाना बाळगते का?"

"नळ गळत असेल तर सभ्य घरातही पानाच लागतो, काका," ती म्हणाली.

संस्थेचं कार्यालय बुधवार पेठेत, एका पुस्तकांच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. अर्जाची पोच, म्हणजे आमचा शिक्का मारलेली प्रत, तिथल्या कपाटात होती आणि किल्ली संचालकांच्या खिशात. ते खडकवासल्याला शाळेच्या मुलांना धरण दाखवायला गेलेले. खिशात फोन असणं तेव्हा फक्त बिल्डरांना परवडायचं. तिकडचा फोन वाजत राहिला आणि इकडे चौकीच्या मोरीतला नळ टपटपत राहिला. चौकशीत असा आवाज आम्हाला एरवी उपयोगी पडायचा, माणूस अस्वस्थ होतो. त्या दिवशी मीच अस्वस्थ होत होतो.

मी पुन्हा विचारलं, अर्ज कुणाकडे दिला होता?

"तुमच्याकडे, साहेब. तुम्ही चहा पीत होतात. सही केलीत आणि म्हणालात, ठीक आहे."

तिचं सांगणं मला खोटं वाटलं नाही. चहा पिताना 'ठीक आहे' मी रोज वीस लोकांना म्हणायचो. मी सहज विचारलं, अर्ज दिसायला कसा होता?

"हिरवट पट्ट्यांचा. संगणकाच्या छपाईचा रद्दी कागद, कडेला भोकं असलेला. आमची संस्था कोऱ्या कागदावर लिहीत नाही. कंपन्यांची रद्दी आणतो आणि मागच्या बाजूला लिहितो."

हवालदारांचा हात हवेतच थांबला. ते उठून आतल्या कपाटाकडे गेले, मीही मागोमाग गेलो. संगणक आला तेव्हा त्यांनी 'संगणक पत्रव्यवहार' अशी एक नवी फाईल उघडली होती, आणि कडेला भोकं असलेला प्रत्येक कागद ते भक्तिभावाने तीत लावत. संगणकाचा कागद म्हणजे मुख्यालयाचा, त्याची नोंद मुख्यालय ठेवत असेल, अशी त्यांची समजूत. इंग्रजी आकड्यांनी भरलेलं एक पान त्यांनी काढलं आणि उलटलं. मागे सुबक मराठीत होतं: 'विषय: आपल्या हद्दीत घरोघरी जाऊन गळक्या नळांची पाहणी करण्याबाबत पूर्वसूचना.' खाली स्वयंसेवकांची नावं, दिवस, वेळ, सोसायट्यांची यादी. तिचं नाव तिसरं. आणि कोपऱ्यात 'पाहिले', खाली माझी सही, तारखेसकट.

पाहिले. वाचले असं नाही, एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा.

हवालदार कागदाकडे बघत हळूच म्हणाले, "साहेब, हितंच ऱ्हाऊ द्या का? फाईल कोन उघडतंय."

आता लपवण्यात अर्थ नाही म्हणून सांगतो, मी विचार केला. पूर्ण एक मिनिट केला असेन, कारण नळाचे थेंब ऐकू येत होते आणि ते बरेच झाले. बाहेर सेक्रेटरी बसले होते, ज्यांच्यासमोर मी खुर्चीत रेललो होतो. अर्ज नसता सापडला तर मुलगी खोटारडी ठरत होती, आणि खोटारडी ठरली की चोर ठरायला फार वेळ लागत नाही. ती सगळी साखळी माझ्या एका वाक्यापासून सुरू झाली होती.

मी बाहेर आलो आणि कागद टेबलावर ठेवला. "अर्ज आला होता. सही माझी आहे. मी तो वाचला नव्हता. ताई, मघाशी जे बोललो ते चुकीचं होतं, मी माफी मागतो."

सेक्रेटरींनी चष्मा लावून अर्ज वाचला, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाले, "म्हणजे आपण न वाचता सह्या करता. आमच्याकडे यासाठी वार्षिक सभा घ्यावी लागते." पण आवाजातली धार गेली होती. यादीत त्यांच्या सोसायटीचं नाव होतं आणि त्याच्यापुढे 'सेक्रेटरींना पत्र दिले' असंही लिहिलेलं होतं. ते पत्र त्यांनीही वाचलं नव्हतं, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून कळलं.

मात्र पाटल्या अजून मिळाल्या नव्हत्या. बाई मुसमुसत होत्या, आणि मुलगी खरं बोलते म्हणून पाटल्या आपोआप परत येणार नव्हत्या. मी तिचा तक्ता ओढला. या वेळी वाचला, अक्षर न् अक्षर. बाईंच्या घरापुढे लिहिलं होतं: 'स्वयंपाकघरातील नळ गळतो. खाली पातेले भरलेले. पाणी पांढरट. झाडांना घालण्याची सूचना केली. सूचनेची लगेच अंमलबजावणी.'

मी ते मोठ्याने वाचलं. हवालदारांनी विचारलं, "पांढरं का वो पानी?"

कणकेचं असणार, मी म्हणालो.

हवालदार बाईंकडे वळले. "आमची मंडळी पाटल्यांस्नी कणीक लागली की पान्यात भिजत टाकती, वहिनी. खरडत न्हाई बसत."

बाईंचं मुसमुसणं थांबलं. पदर तोंडावरच राहिला. मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आज काढायला उशीर झाला होता. कणीक लागली होती पाटल्यांना."

रोज त्या पाटल्या ओट्यावर ठेवत. त्या दिवशी पातेल्यात टाकल्या होत्या. बेल वाजली, अनोळखी मुलगी आत आली, तिने गळका नळ पाहिला, बाईंना ओशाळं वाटलं, आणि आपण किती नीट घर चालवतो हे दाखवायला त्यांनी ते पातेलं उचलून तिच्यादेखत गॅलरीतल्या अळूच्या टबात ओतलं.

आम्ही सगळे त्या गॅलरीत गेलो. पंच म्हणून सेक्रेटरी होतेच. बाईंनी स्वतः चिखलात हात घातला, कोपरापर्यंत. पहिली पाटली निघाली तेव्हा त्या हसल्या, आणि दुसरी निघाली तेव्हा रडल्या. मग चिखलाच्या हातानेच त्यांनी मुलीचा हात धरला. सेक्रेटरी अळूच्या पानांकडे पाहत म्हणाले, "नळ आमच्याकडेही एक गळतो. सवडीने यावं." माफी म्हणून त्यांना जमलं ते एवढंच.

मुलगी पिशवी घ्यायला चौकीत आली. पाना परत मिळाल्यावर ती सरळ मोरीकडे गेली, पिशवीतला एक वायसर काढला आणि पाच मिनिटांत आमचा नळ बंद केला. हवालदारांनी नोंदीसाठी बारनिशी उघडली, जरा विचार केला आणि मिटली.

पासपोर्टचा अहवाल मी दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी जाऊन पूर्ण केला. खरं तर हे काम हवालदार करायचे, पण मी गेलो. कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी तिचं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये. वडिलांनी चहा दिला. त्यांना आदल्या दिवसाचं काही माहीत नव्हतं, तिने सांगितलंच नव्हतं. आडनाव दुसऱ्यांदा विचारलं गेलं तेव्हा मी गप्प बसलो होतो, त्याबद्दल तिच्याशी बोलायचं मनात होतं. वडिलांसमोर बोलता आलं नाही, आणि नंतर ती परदेशी गेली. ते राहिलंच.

माणूस जबाबात काय सांगतो, हे मला त्या केसने शिकवलं. तो झालेलं सांगत नाही, रोज होतं ते सांगतो. बाईंनी रोजचा ओटा सांगितला, हवालदारांनी रोजची बारनिशी दाखवली आणि मी रोजचं उत्तर दिलं. कुणीच खोटं बोललं नव्हतं आणि तिघांनी मिळून एका निरपराध मुलीचं आयुष्य जवळजवळ अडवलं होतं. पुढे गंभीर गुन्ह्यांच्या तपासात मी प्रत्येक साक्षीदाराला आधी हेच विचारत गेलो: हे रोजचं सांगता, की त्या दिवशीचं?

आता मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलो आहे. हवालदार गेले. सोसायटीच्या जागी आता उंच इमारत आहे, आणि तिथे नळाऐवजी हात पुढे केला की पाणी येतं.

पुढच्या वर्षी त्या संस्थेचा अर्ज पुन्हा आला होता. या वेळी शुभ्र, जाड, महागाचा कागद. मजकूर तोच. फक्त शेवटी एक ओळ वाढवलेली: 'पोलिसांच्या सोयीसाठी या वेळी कोरा कागद वापरला आहे. त्याबद्दल झाडांची माफी मागितली आहे.'

मी अर्ज दोनदा वाचला. सवयीने लिहिलेलं 'पाहिले' खोडून 'वाचले' लिहिलं, सही केली. मग उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं. पण पाहिला.