घाटावर नसलेली बाई

हात्सुए मिनागावाला राग आला की ती बोलत नाही, माकुळ चिरते. उभा एकच काप, आतली शाईची पिशवी अंगठ्याने अलगद बाहेर, तंगड्या एका वाडग्यात, अंग दुसऱ्या. कामोसे बंदराच्या घाटावर तिची सहा टेबलांची खानावळ आहे. नेहमीची गिऱ्हाइकं दारातून आधी तिच्या फळीकडे बघतात. चिरलेल्या माकुळींचा ढीग मोठा दिसला की त्या दिवशी भात पुन्हा मागायचा नाही.

त्या एप्रिलमध्ये ढीग रोजच मोठा होता.

नगरपालिकेने घाटावर गाण्याची शिळा बसवायचं ठरवलं होतं. काळा गुळगुळीत दगड, त्यावर कोरलेलं कडवं, खाली बटण. बटण दाबलं की गाणं वाजायचं. त्या किनाऱ्यावर ज्या गावाचं म्हणून एखादं गाणं आहे त्या गावाने अशी शिळा उभारलेली होती, कामोसेच मागे राहिलं होतं. आणि कामोसेचं गाणं एकच, 'घाटावरची निळी फीत'. एक पोरगी घाटावर उभी आहे, कागदी फितीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं बोटीवरच्या तरुणाच्या. बोट निघते, फीत तुटते. पोरगी आपलं टोक डबीत जपून ठेवते आणि म्हणते, तू जा, मी इथंच आहे.

ती पोरगी म्हणजे हात्सुए. गाणं लिहिणाऱ्या सेइगो नारुसावाने ते गाजल्यावर एका मासिकात तसं सांगून ठेवलं होतं. झालं. तेव्हापासून चाळीस वर्षं प्रवासी खानावळीत येत, जेवत, आणि निघताना हळूच विचारत, "तुम्हीच ना त्या? अजून आहे का हो ती फीत?" एकदा एक बाई तिचा हात धरून रडली होती. हात्सुएच्या हाताला माशाचा वास होता, तरी त्या बाईने तो सोडला नाही.

शिळेच्या बटणाला वीज लागणार होती, आणि सगळ्यात जवळचं मीटर हात्सुएचं. म्हणून पालिकेचा कुरामोची कागद घेऊन आला.

"मावशी, इथं सहीच्या जागी तुमच्या नावाचा शिक्का मारा, म्हणजे तार ओढायला मोकळे."

"मागच्या खेपेला मी काय म्हणाले होते?"

"विचार करते म्हणालात."

"मग?"

"मग इतक्या दिवसांत केलाच असेल की विचार."

कामोसेत 'विचार करते' म्हणजे नाही, हे शाळकरी पोरांनाही कळतं. पन्नाशी उलटलेल्या कुरामोचीला ते कळलं नव्हतं असं नाही. पण दगड कोरून झाला होता, तारीख ठरली होती, आणि नकार ऐकू आला असता तर साहेबांपुढे त्यालाच उभं राहावं लागलं असतं. त्याने कागद सोया सॉसच्या बाटलीखाली ठेवला, वाकून नमस्कार केला आणि गेला. हात्सुएने आणखी वीस माकुळी चिरल्या.

खरं काय घडलं होतं ते तिने एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो आता नव्हता.

बावीस वर्षांची असताना ती माकुळीच्या शेडमध्ये कामाला होती. सेइगो शाळेत तिच्या दोन वर्षं पुढे, गिटार वाजवणारा, बापाच्या दोरखंडाच्या दुकानात बसून कंटाळणारा. तीन वर्षं तो म्हणत होता, या नववर्षाला आपल्या लग्नाचं आईच्या कानावर घालतो. तीन नववर्षं गेली. मग म्हणाला, तोक्योला जातो, दोन वर्षं लागतील, वाट बघ. हात्सुए म्हणाली, "मी वाट बघणार नाही. जायचं तर जा." आयुष्यात तिने इतकं सरळ वाक्य तोवर कोणाला ऐकवलं नव्हतं.

बोट सुटली त्या दिवशी ती घाटावर गेलीच नाही. पहाटे मासळी भरपूर आली होती. तिने तीनशे माकुळी चिरल्या, त्यातल्या पहिल्या शंभरेक रडत. शेवटच्या शंभराच्या वेळी तिला भूक लागली होती.

रेडिओवर शरद ऋतूत लागणाऱ्या गाण्यांचा म्हणूनच तिला संताप येई. त्यांतल्या बायका टाकल्या गेल्या की उत्तरेकडच्या गाडीत बसतात, दारू पितात, बर्फाकडे बघतात. दुसऱ्या दिवशी पाचला उठून कामाला एकही जात नाही. आणि तिच्या लेकीच्या पिढीची नवी गाणी, सगळं विसरून पुढे जाऊ म्हणणारी, ती तर चार मिनिटांत पुढे जातात. कुठे जातात कोण जाणे.

हात्सुए पुढे गेली ती तोराझो मिनागावाकडे. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करी, बोलणं कमी, जेवण भरपूर. लग्नानंतर वर्षभरात ते गाणं आलं आणि घरोघर वाजू लागलं. गल्लीच्या वर्षअखेरच्या मेजवानीत कोणीतरी माइक घेऊन ते म्हणेच, आणि सगळे हात्सुएकडे बघत. अशा वेळी तोराझो सिगारेट ओढायला बाहेर जाई. तोराझो सिगारेट ओढत नव्हता. सदतीस वर्षं, दर वर्षी, गाणं संपेपर्यंत तो थंडीत उभा राही आणि मग हात चोळत आत येऊन म्हणे, "बाहेर फार गार आहे."

तीन वर्षांपूर्वी तो गेला. अंत्यविधीला आलेला एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, आता बाई पुन्हा मोकळी झाली वाट बघायला. हात्सुएने ते ऐकलं. तो माणूस अजूनही खानावळीत येतो. त्याच्या ताटात माकुळीची फक्त तंगडी पडते.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी सेइगो स्वतः आला. केस पांढरे, कोट चांगला, हातात तोक्योच्या मिठाईचा खोका. दुपारची गर्दी सरली होती.

"हात्सुए, तू अजिबात बदलली नाहीस."

"नारुसावा-सान, मला मिनागावा म्हणा."

तो बसला. तिने चहा ठेवला आणि पुन्हा फळीकडे गेली. खोका तसाच टेबलावर राहिला.

"कुरामोची सांगत होते, तुमची काही अडचण आहे म्हणून."

"मी त्या दिवशी घाटावर होते का?"

"गाणं आहे ते. गाण्यात थोडं इकडचं तिकडे होतंच."

"होते का?"

"नव्हतात."

"मग फितीचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं?"

सेइगोने चहाचा पेला दोन्ही हातांत फिरवला. "एका हमालाच्या. मी फेकली ती कोणी धरेना. सगळ्यांच्या हातात आपापल्या माणसाची होती. त्याला दया आली. त्याने धरली, आणि तुटेपर्यंत हात हलवत राहिला. मी रडत होतो. तो ओरडून सांगत होता, जेवत जा वेळेवर."

सुरी थांबली. चाळीस वर्षांत हात्सुएला सेइगोबद्दल पहिल्यांदाच काहीतरी बरं वाटलं, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली.

"हे का नाही लिहिलंत? हे तर चांगलं आहे."

"असं कोण ऐकणार? पुरुष रडतोय आणि हमाल हात हलवतोय. लोक हसतील."

"हसू देत. माझ्यावर चाळीस वर्षं रडले ना? मी एक वाक्य बोलले होते तुम्हाला, एकच. त्याच्या बरोब्बर उलट लिहून तुम्ही माझ्या तोंडी घातलंत, आणि आता ते दगडावर कोरून माझ्याच दारात लावताय. माझ्याच विजेवर. माझा नवरा त्या गाण्यापायी दर वर्षी थंडीत उभा राहिला."

"दगड आता कोरून झालाय."

"दगड राहू दे. परवा माइकवर सांगा. ती घाटावर नव्हती, ती वाट बघणार नाही म्हणाली होती आणि तिने बघितली नाही. एवढं सांगणार असाल तर आत्ता शिक्का मारते."

सेइगोने पेला खाली ठेवला. मग उठून वाकला, खूप खाली. "सांगतो," म्हणाला. तिने हात धुतले, ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि कागदावर उमटवला.

रविवारी घाटावर दोनशे माणसं जमली. महापौर बोलले, शाळेच्या पथकाने वाजवलं. हात्सुए एप्रन न सोडता खानावळीच्या दारात उभी होती. सेइगोने माइक घेतला.

"आज एक खरी गोष्ट सांगायची आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी ती घाटावर आली नव्हती."

गर्दी शांत झाली. सेइगोने तिच्याकडे बघितलं, मग समोरच्या दोनशे चेहऱ्यांकडे. ते चेहरे पुढच्या शब्दासाठी आसुसलेले होते, आणि जन्मभर अशा चेहऱ्यांना त्यांना हवं तेच देण्याची त्याला सवय होती.

"पण मनाने," त्याचा आवाज कापरा झाला, "मनाने ती तिथंच उभी होती. म्हणून तर तिला यायचं धाडस झालं नाही."

बायकांनी रुमाल काढले. कुरामोचीही डोळे पुसत होता. टाळ्या इतका वेळ चालल्या की घाटावरचे पक्षी उडून गेले.

हात्सुए आत गेली. स्वयंपाकघरात भाताच्या कुकरशेजारी पालिकेच्या माणसाने बसवलेलं नवं सॉकेट होतं, त्यात शिळेचा पांढरा प्लग. तिने तो उपसला. त्याच सॉकेटमध्ये माकुळ वाळवायचा पंखा लावला आणि सुरू केला.

बाहेर महापौरांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग सेइगोने दाबलं. थोड्या वेळाने कुरामोची धावत आला.

"मावशी, प्लग निघालाय का बघा जरा."

"निघालेला नाही. मी काढलाय."

"अहो, कागदावर शिक्का आहे तुमचा."

"शिक्का तार ओढायला दिला होता. ओढलीत ना? छान आहे तार."

"सगळे थांबलेत बाहेर. काय सांगू त्यांना?"

हात्सुएने एक माकुळ उचलून फळीवर ठेवली.

"सांग, बाहेर फार गार आहे."

"आणि प्लग? प्लग कधी लावणार?"

"विचार करते," हात्सुए म्हणाली.