धुळ्याहून कोकिळाचा फोन

जळगावच्या एका डाळमिलच्या ऑफिसात दिपमाला बिलं करते. महिन्यातले दोन शनिवार तिचं कामात चित्त नसतं. त्या दिवशी तिची पुनम, यंदा दहावीला असलेली, एसटीनं धुळ्याला बापाकडे जाते. घटस्फोटाच्या वेळी कोर्टात तसं ठरलंय. प्रेमराजचं तिथं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि घरात आता कोकिळा आहे, त्याची दुसरी बायको.

कोकिळाशी दिपमाला कधी बोलली नव्हती. पुनम परत आली की ती उगाच विचारायची, "काय जेवलीस?" पुनम म्हणायची, "मम्मी, जे विचारायचंय ते विचार ना!"

खरी धास्ती मात्र निराळीच होती. नववीत असताना पुनमला शाळेत फिट आली होती. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. एकही चुकवायची नाही, म्हणाले. दिपमालानं धुळ्याला याचा वाससुद्धा लागू दिला नाही. प्रेमराज म्हणेल, तुझ्याच्यानं पोर सांभाळली जात नाही, आणि पुन्हा कोर्टात जाईल. शिवाय त्या बाईच्या तोंडून चार नातेवाइकांत गेलं, तर पुढं पोरीच्या लग्नाचं काय? गोळ्या कंपासपेटीतून जायच्या. "बाथरूममध्ये घे," ती बजावायची.

एका रविवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"ताई, मी कोकिळा. पुनम पडनी! हातपाय झटकी ऱ्हायनी... ह्यांचा फोन लागत नाही. शेजारचे म्हणताहेत कांदा हुंगवा, तोंडात चमचा घाला..."

"तोंडात काही घालू नकोस!" दिपमाला ओरडलीच. "कुशीवर वळव तिला. डोक्याखाली मऊ काहीतरी दे. दाबून धरू नको. आणि घड्याळाकडे बघ, पाच मिनिटांत थांबलं नाही तर सरळ दवाखाना."

कोकिळा शेजाऱ्यांना बाहेर काढत असल्याचं फोनवर ऐकू येत होतं. मग तिचा आवाज आला, "थांबलं, ताई. श्वास चाललाय." आणि फोन कट झाला.

दिपमालानं मिळाली ती बस धरली. बस एरंडोलला थांबली तेव्हा कोकिळाला फोन लावला, कुणी उचलेना. पारोळ्याला लावला, बंद. बस जिथं थांबे तिथं तिला वाटे, उतरून पळत सुटावं.

दारातच प्रेमराज उभा होता. "पुनमनं सांगितलं. वर्षभर लपवलंस?"

"तुम्ही थांबा हो," कोकिळा पुढं झाली. "ताई, फोन पाण्यात पडला, म्हणून बंद. पोर झोपलीय, बरी आहे. पण राग मलाही आलाय. तिला काही झालं असतं ना, तर बठ्ठ्यांनी, सगळ्यांनीच, माझं नाव घेतलं असतं. सावत्र आईनं काय खाऊ घातलं, म्हणाले असते. तुम्हीही म्हणाला असता."

दिपमालाला ते ठाऊक होतं. म्हणालीच असती ती.

आतून पुनमचा आवाज आला. "काल संध्याकाळची गोळी राहिली, मम्मी. आज सकाळचीही. घरात पाहुणे होते, बाथरूमला सारखं कुणीतरी. सगळ्यांसमोर घेऊ कशी?" मग हळूच म्हणाली, "लपवायचा कंटाळा आलाय मला."

दिपमाला प्रेमराजच्या तोंडाकडे बघत राहिली. आता कोर्टाचं नाव निघणार. तो खुर्चीत बसला, कपाळ चोळलं. "सकाळची गोळी किती वाजता द्यायची असते?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. कोकिळानं पुनमच्या डॉक्टरांचा नंबरही लिहून घेतला.

धास्ती काही गेली नाही. पुनम धुळ्याला असली की कोकिळाचा फोन येतो, "घेतली, ताई." तो यायला जरा उशीर झाला तरी दिपमाला हातातलं काम टाकून फोनकडे बघत बसते.

परवा पुनम शाळेतून आली आणि सहज म्हणाली, "मी वर्गात सांगून टाकलं."

"कुणाला?"

"सगळ्यांना. आणि मी पडले तर काय करायचं, तेही दाखवलं."

आता गावभर होईल. पोरीला रागवावं की जवळ घ्यावं, दिपमालाला कळेना. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना. तिनं फोन उचलला आणि कोकिळाला लावला.