साडूंचा प्राणवायू

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली आणि ती एकदाही पुरी केली नाही. ऐकणारे मधेच उठून जातात, अशी त्यांची तक्रार असे. माझं म्हणणं वेगळं होतं. जी गोष्ट सूर्य जन्मण्याच्याही आधी सुरू होते, ती जेवणाच्या वेळेपर्यंत माणसापाशी पोचणार कशी? गोष्ट प्राणवायूची होती. आधी कुठले तरी म्हातारे तारे पोटात जळत जळत प्राणवायू तयार करायचे आणि फुटून मरायचे. मग त्या राखेतून आपला सूर्य, मग पृथ्वी, मग पृथ्वी थंड होईपर्यंत आपण थांबायचं. ती थंड होत असतानाच त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आक्का, आतून हाक मारत, "ताटं वाढलीत, उठा आता!" आणि समुद्रात पहिलं शेवाळ उगवायच्या आत श्रोते हात धुवायला पळत. साडू मात्र एक बोट वर धरून तसेच बसून राहात. ते बोट पुढच्या वाक्यासाठी असे.

श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. कारखान्यात दिवसभर उसाच्या रसात नळ्या बुडवायच्या आणि घरी येऊन इंग्रजी पुस्तकं वाचायची, एवढाच त्यांचा संसार. बाकीचा संसार आक्कांनी केला. जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ कोंदट हवेत आहे, असं साडूंचं ठाम मत होतं. माझ्याकडे नगरला यायचे ते नेमके पौषात, आणि आल्या आल्या घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायचे. ते येणार असं पत्र आलं की माझी बायको आधी माळ्यावरच्या रजया काढायची. एस.टी.त खिडकीवरून त्यांचं भांडण झालं नाही असा प्रवास मला आठवत नाही. एकदा पाऊस आत येतोय म्हणून एका म्हातारीनं काच ओढून घेतली, तर हे तिला म्हणाले, "बाई, पाण्यावाचून माणूस तीन दिवस जगतो, हवेवाचून तीन मिनिटं नाही. आता तुम्हीच ठरवा, भिजायचं की मरायचं." म्हातारीनं भिजायचं नाही असं ठरवलं आणि साडू पुढच्या थांब्याला उतरून टपावर जाऊन बसले.

त्यांच्या पिशवीत कायम एक छोटा कंदील असे. जिथे चार माणसं जमतील तिथे तो पेटवून ते हवेची परीक्षा घेत. श्रीरामपूरला तंबूतल्या सिनेमात, ऐन मारामारीच्या वेळी, त्यांनी तो पेटवून पुढ्यात ठेवला. मागच्यांना वाटलं तंबूला आग लागली. नायक आणि खलनायक पडद्यावर एकमेकांना बडवत राहिले आणि गाव चपला सोडून बाहेर पळालं. रिकाम्या तंबूत साडू मला म्हणाले, "बघा, आता ज्योत कशी सरळ झाली." पुढे गावात त्यांना सगळे 'कंदीलवाले' म्हणू लागले, आणि त्यांना त्यात मानच वाटला.

देवाधर्मालाही त्यांनी सोडलं नाही. एकदा सासुरवाडीला सासूबाई संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावत होत्या. ह्यांनी त्यांना सांगितलं, की दिवसा ही प्राणवायू देते हे खरं, पण रात्री तीसुद्धा आपल्यासारखाच तो ओढून घेते. सासूबाई दिव्यासकट मागे फिरल्या. "तुळस चोर हाय म्हनं!" असं त्या आठवडाभर दिसेल त्याला सांगत होत्या. भाकरी खाणारा माणूसही ह्यांच्या तावडीतून सुटत नसे. "लोखंडाला गंज चढतो ना, तेच तुमच्या पोटात भाकरीचं चाललंय. तुम्ही आतून सावकाश जळताय," असं हसऱ्या तोंडानं सांगत. ऐकणाऱ्याचा घास तोंडात फिरायचा.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमची सासुरवाडी जामखेडकडे, खर्ड्याच्या किल्ल्याचा बुरूज दिसेल अशा अंतरावर. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात गावची यात्रा नावापुरतीच होणार होती, तरी दोघा जावयांना सहकुटुंब बोलावणं आलं. दुपारी पोचलो. अख्खं गाव रेशनवरचा मिलो खात होतं. ती परदेशी ज्वारी, तिची लाल, चिवट भाकरी. आता ही भाकरी जावयांच्या ताटात वाढायची म्हणजे सासऱ्यांना नाक कापल्यासारखं. घरामागे पेवात तीन वर्षांपूर्वीची शाळू ज्वारी शिल्लक होती, अडीअडचणीला राखलेली. दुष्काळात ती काढली नव्हती, पण जावई येणार म्हटल्यावर सासऱ्यांनी सकाळीच पेवाचं तोंड फोडायला लावलं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेला भलामोठा रांजणच. तोंड एवढं अरुंद की एकच माणूस कसाबसा आत उतरेल. ज्वारी भरून वर दगड ठेवायचा आणि चिखलानं लिंपायचं. धान्याला कीड लागत नाही, कारण किड्यालाही आत श्वास मिळत नाही. त्यामुळे पेव आज उघडायचं आणि उद्या उतरायचं, ही गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली रीत. पण उद्या उतरलं तर आज जावयांपुढे काय वाढणार? आमचा एकुलता एक मेहुणा नामा कमरेला दोर बांधून तयार झाला.

साडू पिशवी घेऊन पेवापाशी गेले. मी कपाळाला हात लावला. त्यांनी कंदील पेटवून दोरीनं खाली सोडला. तो हातभर गेला असेल नसेल, विझला.

"जावईबापू, कंदिलात राकेल हाय का?" सासऱ्यांनी विचारलं.

साडूंनी कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला. वर ढणढण जळला. खाली सोडला, विझला. "मामा," ते म्हणाले, "वर असताना असतं आणि खाली गेल्यावर संपतं, असं राकेल कुठल्या दुकानात मिळतं ते मला सांगा."

चार माणसं हसली. कंदीलवाल्याच्या कंदिलाला कोण विचारतो? सिनेमाच्या तंबूचा किस्सा इथवर पोचला होता, आणि खरं सांगायचं तर तो मीच पोचवला होता. नामा पुढे झाला. "दाजी, सरका. अंधारात बी मला ज्वारी घावती. मी गेलो आन् आलो."

तेव्हा साडूंनी जे केलं ते फक्त जावईच करू शकतो. ते पेवाच्या तोंडावर मांडी घालून बसले. आता जावयाला हाताला धरून उठवायचं कुणी? सासरे हात जोडू लागले, सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या, नामा दोर हातात घेऊन ताटकळला. आणि साडूंनी बोट वर धरलं. "प्राणवायू म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. फार फार पूर्वी, सूर्यसुद्धा नव्हता तेव्हा..."

पोटात कावळे ओरडत होते. तारे फुटले, सूर्य झाला, पृथ्वी थंड व्हायला लागली. शेवटी सासरे काकुळतीला येऊन म्हणाले, "आता काय क्येलं म्हंजी उठाल, तेवढं सांगा."

"माणूस सोडून कुठलाही जीव खाली सोडा. वर आल्यावर तो चालला, तर नामाला जाऊ द्या."

सासूबाईंची एक कोंबडी पाटीत बांधून खाली सोडली. थोड्याच वेळात पाटी वर ओढली, तर कोंबडीची मान एका बाजूला लोंबत होती. नामानं कोंबडीकडे पाहिलं, मग त्या काळ्या तोंडाकडे, आणि कमरेचा दोर सोडून तो मटकन खाली बसला. आक्का भावाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

पाणी शिंपडल्यावर कोंबडी शुद्धीवर आली. त्यानंतर तिनं अंडं म्हणून घातलं नाही, आणि हा दोष सासूबाईंनी शेवटपर्यंत साडूंच्या माथी मारला. मग बाभळीचे फाटे दोराला बांधून पेवात वरखाली घुसळायचे, हवा खेळती करायची, कंदील सोडायचा, विझला की पुन्हा घुसळायचं. कुणाला कुठे जाता येईना, त्यामुळे गोष्टही चालू राहिली. शेवाळ उगवलं. त्यानं प्राणवायू सोडला. समुद्रात विरघळलेलं सगळं लोखंड त्या प्राणवायूनं गंजून तळाशी बसलं. साडूंच्या आयुष्यात गोष्ट इतकी पुढे पहिल्यांदाच गेली होती. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. आणि दिवस कलताना कंदील तळाशी जळत राहिला. झालं! नामा उतरला, ज्वारी वर आली, बाया जात्याकडे धावल्या. साडूंचं बोट वर, आणि समोर कुणी नाही. "राकेल भरल्यावर जळला की न्हाई कंदील?" एवढंच सासरे म्हणाले.

नामा मात्र विसरला नाही. दर वर्षी ज्वारी निघाली की एक गाठोडं खांद्यावर टाकून तो श्रीरामपूरला यायचा आणि पडवीत साडूंपुढे बसायचा. "हं, दाजी. मागल्या टायमाला कुटवर आल्तो?" मी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला यातलं काय कळतं? तो म्हणाला, "समदं कुटं कळतंय? पर त्यांनी त्या दिशी बोलनं थांबिवलं आसतं तर मी ऱ्हायलो नसतो. आता मी कसा मधीच उठू?" उठायचा तो शेवटच्या एस.टी.साठीच. असं करत दर साली गोष्ट थोडी सरकायची. समुद्र भरून प्राणवायू हवेत आला. ज्या जिवांना तो विषासारखा होता ते मेले. मासे झाले. आणि एका सालात एक मासा, पाण्यात जीव गुदमरतो म्हणून, काठाशी डोकं वर काढून उभा राहिला. तिथे नामाची गाडी लागली. पुढच्या सुगीआधीच साडू झोपेत गेले. आक्कांनी खिडकी रात्रभर उघडीच ठेवली होती.

तेराव्याला मी पडवीत बसलो होतो. वर खुंटीला कंदील होता. नामा शेजारी येऊन बसला.

"धाकटं दाजी," तो म्हणाला, "त्यो मासा बाहीर आला का न्हाई वो?"

मला हसू आलं. इतक्या वर्षांत मी जे काही अर्धंमुर्धं ऐकलं होतं, थट्टेसाठी का होईना, ते सगळं माझ्याजवळ होतं. "आला," मी म्हणालो. "पण कसा आला ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल." आणि माझं बोट माझ्याही नकळत वर गेलं.

ताऱ्यांपासून सुरुवात केली. पृथ्वी थंड होत असताना आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. आत पंगत बसत होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि मी सवयीनं थांबलो.

"थांबू नका," दाराच्या चौकटीला टेकत त्या म्हणाल्या. "होऊ द्या तुमचं. ताटं निवली तर निवली."