नवऱ्याने माझ्यासाठी निवडलेलं रिव्हॉल्व्हर

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू दुकानात जाऊन सरळ विकत घेता यायची नाही. गाडी असो, नाहीतर साधा भाताचा कुकर. आधी एक्सेलची शीट, मग आठवडाभर वाचन, मग तीन दुकानांच्या चकरा. अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत वीस वर्षं काढलेला माणूस, मोजल्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही. माझं डोकं फिरायचं. पण दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये त्याने माझ्यासाठी पिस्तूल निवडायला नवी शीट उघडली, तेव्हा मी अवाक्षर काढलं नाही. जूनमध्ये त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला होता, आणि पुढच्या वर्षाबद्दल डॉक्टर काही बोलतच नव्हते.

पिस्तुलाचं खूळ कुठून आलं तेही सांगते. आमच्या मागच्या गल्लीत एका तेलुगू बाईच्या घरात भरदिवसा चोर शिरले. देशी लोकांच्या घरात सोनं असतं हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं. बाई घरातच होती. तिला बाथरूममध्ये कोंडून सगळं घेऊन गेले. हे ऐकल्यापासून नवऱ्याच्या डोक्यात एकच. मुलगी शिकायला बॉस्टनला, आणि मी या घरात एकटी राहणार.

"मी पुण्याला जाईन निघून," मी म्हटलं.

"नाही जाणार तू. आठ दिवसांत ट्रॅफिकला शिव्या घालायला लागतेस."

खरंच होतं ते. त्यामुळे मला राग आला, आणि रागाच्या भरात मी हो म्हणून बसले. घरात ठेवायला नव्हे, रोज जवळ बाळगायला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे, तिथलं पार्किंग लांब आणि ओसाड. ग्रोसरीला, लायब्ररीत, सगळीकडे सोबत राहील पण कोणाला दिसणार नाही, असं काहीतरी लहान त्याला हवं होतं.

त्यासाठी परमिट लागायचं, आणि परमिटसाठी दिवसभराचा क्लास. पन्नाशीला आलेली, टिकली लावलेली मी, आणि आजूबाजूला बूट घातलेले धिप्पाड बाप्ये. शिकवणाऱ्याचं म्हणणं, पर्स नको, पर्सच आधी खेचतात, पिस्तूल कमरेच्या पट्ट्याला लावा. आता माझा अर्धा जन्म सलवारीत गेलेला, आणि कामावरच्या स्क्रब्जच्या पँटला पण नाडीच. नाडीला कुठे अर्धा किलोचं लोखंड टांगू? घरी येऊन हे सांगितलं तर नवऱ्याने गंभीरपणे शीटमध्ये एक रकाना वाढवला, 'नाडी'. मग त्यानेच शोधून आतून वेगळा कप्पा असलेली पर्स मागवली. त्या कप्प्यात दुसरं काही ठेवायचं नाही, किल्ल्या नाहीत, लिपस्टिक नाही, अशी मला तंबी दिली. जणू मी रोज लिपस्टिकच लावत होते.

क्लासमध्ये शिकवणारा आणखी एक गोष्ट बोलला होता. घरात कोणी फार आजारी असेल, निराश असेल, तर पिस्तूल त्या घरात ठेवू नका, म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

दुकानात एक साठीची बाई होती, पांढऱ्या वेणीची, गळ्यात चष्मा. तिने आधी एक छोटं चपटं पिस्तूल समोर ठेवलं. त्याचा वरचा भाग मागे खेचल्याशिवाय पहिली फैर निघत नाही. मी खेचलं, हलेना. माझ्या अंगठ्यांचा संधिवात. "अगं, जोर लावायचा नसतो, टेक्निक असतं," म्हणत नवऱ्याने ते हातात घेतलं. त्यालाही हलेना. दोनदा, तीनदा. लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण घरात कायम त्याच्याकडे जायचं. त्याच्या मनगटाच्या शिरा ताणल्या, आणि त्या बाईने मान वळवून उगाचच काच पुसायला घेतली. मला त्या दुकानात ओरडून रडावंसं वाटलं. मी म्हटलं, "जाऊ दे रे, मला मुळात आवडलंच नाही हे."

मग आलं रिव्हॉल्व्हर. पाच काडतुसांचं, आखूड नळीचं, तळहातापेक्षा थोडं मोठं. खेचाखेची काही नाही, चाप ओढला की झालं. त्यात एक हलकं होतं आणि एक पोलादी, जड. मी हलक्याकडे हात नेला. नवरा म्हणाला, हलकं उडवताना हाताला फार धक्का देतं, तू एकदा उडवशील आणि परत हात लावणार नाहीस, मग शिकलेलं विसरशील. बाईने माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याने होमवर्क चोख केला होता. त्याला उभं राहवत नव्हतं, स्टुलावर बसून तो वजनं विचारत होता, आणि कित्येक आठवड्यांनी त्याच्या तोंडावर रंग दिसत होता. त्या रंगासाठी मी तोफसुद्धा विकत घेतली असती.

बाईने ते माझ्या हातात दिलं आणि मी सवयीने कपाळाला लावलं. पुस्तक, पगाराचं पाकीट, नवी किल्ली, काहीही हातात आलं की लावते तसं. बाईने झडप घालून माझं मनगट धरलं. "मॅम, नेव्हर. नॉट इव्हन एम्प्टी." नवरा स्टुलावर पोट धरून वाकेपर्यंत हसला. घरी येईपर्यंत गाडीत हसत होता. मी सिग्नलला त्याच्याकडे बघून घेत होते.

नवरात्र आलं तसं दुखणं वाढलं. एका सकाळी उलट्या झाल्यावर तो बेसिनला टेकून म्हणाला, "पुरे झालं आता. याला काय जगणं म्हणायचं." मी त्याची पाठ चोळत राहिले. पण त्या दिवसापासून क्लासमधलं ते वाक्य डोक्यातून जाईना. काडतुसांचा डबा मी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकला. त्याला आता स्टुलावर चढता यायचं नाही, हे मला ठाऊक होतं.

खंडेनवमीला दरवर्षी आमच्याकडे शस्त्रं म्हणून त्याचे स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप आणि माझी विळी पाटावर मांडायचो. त्या वर्षी तो लहान मुलासारखा खूष होता, एकदाचं घरात खरं शस्त्र आलं म्हणून. पेन किलर घेऊन, आंघोळ करून, जुनं सोवळं नेसून बसला. सोवळं कमरेवर राहीना म्हणून मी पिन लावून दिली. मग निरांजन लावायला मी आत गेले.

बाहेर आले तर तो पाटासमोर पाठमोरा बसलेला, दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर, आणि नळी कपाळाला.

मी निरांजन टाकलं आणि त्याच्या हातावर फटका मारला. सुया टोचून काळानिळा झालेला हात. रिव्हॉल्व्हर पाटावरच्या झेंडूच्या फुलांवर पडलं. "मी जिवंत असेपर्यंत नाही," मी किंचाळले. "ऐकलंस? माझ्या घरात हे चालणार नाही."

तो हात चोळत माझ्याकडे बघत राहिला. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते कळताना मी त्याचा चेहरा बघितला. "अगं, नमस्कार करत होतो," तो म्हणाला. "तू नाही का केलास दुकानात."

मी रिव्हॉल्व्हर उघडून बघितलं. पाचही खाचा रिकाम्या. रिकाम्याच असणार, डबा कपाटावर होता, आणि तो मीच ठेवला होता. तरी मी बघितलं, त्याच्यासमोर बघितलं.

दसऱ्याच्या दिवशी, लोक नव्या वस्तू घेतात त्या दिवशी, मी ते दुकानात परत देऊन आले. पांढऱ्या वेणीच्या बाईने कारण विचारलं नाही. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "दिलंस?" मी हो म्हटलं. "मग तू एकटी असशील तेव्हा काय?" त्याला अजून माझीच काळजी पडली होती. मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा बघू."

"तुला खरंच तसं वाटलं?" त्याने विचारलं.

"काहीतरीच काय. दचकले मी, बस."

सव्वीस वर्षं संसार केलेल्या माणसाशी असं खोटं बोलून काय उपयोग? त्याने लॅपटॉप मागितला, ती शीट उघडली आणि बंद केली. त्यानंतर त्याने माझ्यासाठी काही निवडलं नाही. मी सुद्धा विचारलं नाही की बाबा रे, पर्समध्ये आता काय ठेवू.

मग घरी नर्स यायला लागली आणि दुखण्यावरच्या गोळ्यांची बाटली आली. माझी भीती त्या बाटलीत जाऊन बसली. रोज दोनदा मी गोळ्या मोजायचे. त्याला कळू नये म्हणून स्वयंपाकघरात, नळ सोडून मोजायचे. बाटली मी पिठाच्या डब्यामागे ठेवायचे. मला वाटायचं, मी किती हुशार.

एका दुपारी मी त्याला गोळी दिली, पाणी दिलं. त्याने ती गिळली आणि तोंड उघडलं. जीभ वर केली, डावीकडे, उजवीकडे. म्हणाला, "बघून घे. लपवली नाही, साठवत नाहीये." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, आम्ही दोघं रडलो असतो, आणि ते संपलं असतं.

पुढचे एकोणीस दिवस, प्रत्येक गोळीनंतर, तो तसंच तोंड उघडून दाखवायचा. शेवटी शेवटी मान उचलता यायची नाही, तरी दाखवायचा. 'मिट रे तोंड, माझा तुझ्यावर विश्वास आहे,' एवढं म्हणायचं होतं मला. प्रत्येक वेळी ठरवायचे की आता म्हणायचं. आणि प्रत्येक वेळी मी वाकून आत बघायचे.