उकळत्या पाण्यातलं मीठ

"मीठच आहे ना ते? विष तर नाही घातलं मी!"

"मम्मी, आवाज़ कम करो. आंटी बाहर बैठी हैं."

"अगं, पण उपासाला मीठ चालतं. साताऱ्यात माझी आई जन्मभर—"

"ये सातारा नहीं है! यहाँ व्रत में सिर्फ़ सेंधा नमक चलता है. सादा नमक गया, व्रत टूटा. ख़तम."

वासंतीच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला.

हे तिला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. नवऱ्याची, उल्हासची, बँकेतली बदली झाली आणि ती इकडे उत्तरेत, अलीगंजमध्ये राहायला आली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. इथे नवरात्रात साधं मीठ घरातसुद्धा वर ठेवून देतात, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. म्हणून तर तिनं सैंधवाची वेगळी पुडी आणली होती. पनीर कुस्करलं त्यात सैंधव, टांगलेल्या दह्यात सैंधव, शेंगदाण्याच्या ठेच्यात सैंधव. पण पकडलं गेलेलं माणूस आधी भांडतं, तशी ती भांडत होती.

चूक सकाळीच झाली होती. वासंतीचे लोडेड फ्राइज अख्ख्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध. कुणाचा वाढदिवस असो, मॅच असो, की शनिवारी चारचौघी नुसत्या टेकलेल्या असोत, फर्माईश एकच. उल्हास त्यांना "लादलेल्या फोडी" म्हणायचा आणि सगळ्यांत जास्त खायचा. वासंतीची युक्ती अशी, की बटाट्याच्या फोडी आधी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायच्या, पंच्यावर कोरड्या करायच्या, तासभर फ्रीजरमध्ये टाकायच्या आणि मग दोनदा तळायच्या. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. आजही तिनं पातेलं चढवलं, आणि हात आपोआप ओट्याजवळच्या नेहमीच्या बरणीत गेला. डोकं उपासाचं, हात नेहमीचा.

आत्ता जुईनं वरचं काही न घातलेली एक फोड तोंडात टाकली तेव्हा ते उघड झालं. "ये तो पहले से नमकीन है," ती म्हणाली, आणि मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"कितने खाए उन्होंने?" जुईनं विचारलं.

"एक प्लेट."

"पूरी?"

"अगं, चाटून पुसून!" एरवी हे वाक्य वासंती मिरवत सांगायची.

बाहेर बसलेली कल्पना म्हणजे समोरच्या दारातली श्रीवास्तवांची. दोघी एकमेकींना भाभीच म्हणत. जुईच्या वेळी वासंतीला हिंदीत धड "दुखतंय" म्हणतासुद्धा येत नव्हतं, तेव्हा हीच कल्पना तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात घेऊन गेली होती. तिची मुलगी सुरुची कानपूरला. दोनदा पोटातलं मूल गेलं होतं तिचं. आता आठवा महिना होता, आणि कल्पनानं देवीला शब्द दिला होता: नऊच्या नऊ दिवस, एकही चूक न होता. आज सातवा.

"मत बताओ," जुई अचानक म्हणाली. आता रडवेली झाली होती ती. "अनजाने में हुआ ना? भगवान समझते हैं."

"आणि उद्या सुरुचीला काही झालं तर?"

"कुछ नहीं होगा, मम्मी! आलू से कुछ नहीं होता!"

"मला माहितेय गं. पण मला माहीत असून काय उपयोग? शब्द तिनं दिलाय." वासंतीनं गॅस बंद केला. "मी सांगते. आत्ता सांगते."

ती बाहेर आली. हातात फोडींचं ताट होतं, त्यातच दह्याची नि ठेच्याची वाटी, ते खाली ठेवायचं राहूनच गेलं. कल्पना आणि तिसऱ्या मजल्यावरची संपदा दिवाणावर पाय घेऊन बसल्या होत्या. संपदा पुण्याची, तिला कसलाच उपास नव्हता. ती चीजवाल्या प्लेटमध्ये बोटं घालून बसली होती.

"आइए भाभी," कल्पना हसली, "हम तो आज आपकी वजह से पाप में पड़ेंगे. व्रत में कोई इतना खाता है?"

वासंतीनं तोंड उघडलं. सांगायचं वाक्य जुळवूनच आणलं होतं तिनं. "भाभी, सुनिए, एक गलती हो गई."

पण कल्पनाची प्लेट रिकामी होती.

"बस, बस, अब नहीं," कल्पना प्लेटवर हात आडवा धरत म्हणाली.

"अहो असं कसं? थोडं तरी! उपाशी माणसानं नाही म्हणायचं नसतं. लीजिए, इतना सा, मेरी कसम!"

वासंतीनं स्वतःच्या कानांनी हे ऐकलं. आवाज तिचाच होता. ताट दिवाणावर टेकवून तिच्याच डाव्या हातानं कल्पनाचा हात अलगद बाजूला सारला, आणि उजव्या हातानं मूठभर फोडी वाढल्या, वर दही, वर ठेचा, अगदी नीट, दाणेबिणे भुरभुरून. साताऱ्यातल्या पंगतींमध्ये लहानपणापासून जे बघितलं, तेच. पान रिकामं दिसलं की वाढायचं. नाही म्हटलं की जास्त वाढायचं.

दारात जुई उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

कल्पनानं एक फोड खाल्ली. दुसरी उचलली.

"नका खाऊ!" वासंती ओरडली.

संपदाच्या बोटांतली फोड खाली पडली. कल्पना हसायलाच लागली. "क्या हुआ? छिपकली गिरी क्या?"

"सादा नमक है. पानी में. मैंने आलू सादे नमक में उबाले. आदत से. ऊपर सेंधा है, अंदर सादा."

कल्पनाचं हसू चेहऱ्यावर राहून गेलं. आवरायला कुणी उरलंच नव्हतं जसं. तिनं हातातली फोड प्लेटमध्ये ठेवली.

संपदा म्हणाली, "अगं, आमच्याकडे तर सर्रास चालतं—"

"संपदा, गप्प बस," वासंती म्हणाली.

"पहली प्लेट में भी?" कल्पनानं विचारलं. आवाज इतका हळू की वासंतीला पुढे वाकावं लागलं.

"हो. हाँ."

"आपको कब पता चला?"

इथे खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, या क्षणी, असं म्हणता आलं असतं. जुई दारातून मान हलवत होती, नको, नको, नको.

"अंदर," वासंती म्हणाली. "किचन में. दूसरी प्लेट देने से पहले."

कल्पना तिच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे. ओळखीच्या दारावर वेगळीच पाटी दिसल्यावर माणूस बघतं तशी.

"जानते हुए दिया?"

"द्यायचं नव्हतं हो! सांगायलाच आले होते. प्लेट रिकामी दिसली आणि... हात गेला. भाभी, मुझे खुद नहीं पता ये कैसे हुआ." वासंती तिच्या पायाशीच बसली. "उरलेले दोन दिवस मी धरते. निर्जळी धरते. तुमच्या नावानं, सुरुचीच्या नावानं. चालेल ना? देवीला चालेल? भाभी, आप बताइए ना, ऐसे होता है क्या?"

कल्पनानं पदरानं ओठ पुसले, एकदा, मग पुन्हा जोरात. उठली. वासंतीच्या खांद्याला पाय लागू नये म्हणून वळसा घातला, दाराशी चपला पायात सरकवल्या, आणि बाहेर गेली.